इथपर्यंत वास येते

आमच्या गल्लीत सकाळी आठच्या सुमारास शिरलात, तर एक सत्तरीचे गृहस्थ तुम्हाला हमखास अडवतील. अंगात पांढरा सदरा-पायजमा, कानाला मफलर आणि हातात खडू. ते तुमचं नाव विचारणार नाहीत, कोणाकडे चाललात तेही विचारणार नाहीत. फक्त म्हणतील, "थांबा जी. वास येऊन राहिला का?"

घाबरू नका. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं असतं. हो म्हणालात तर ते तुम्हाला एक पाऊल मागे सरकवतील. "आता?" आणखी एक पाऊल. "आता?" असं करत करत जिथे तुम्ही "नाही बुवा" म्हणाल, तिथे ते गुडघ्यावर हात टेकून वाकतील, रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारतील आणि तुम्हाला मोकळं करतील. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या फाटकातल्या मधुकामिनीचा वास तिथपर्यंत पोचला.

हे आमचे पौनीकरजी. त्यांची आणि माझी भिंत एकच, आणि खडूही माझेच. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होताना घरी आणलेली खडूची पेटी मी जिवापाड जपली होती, ती या माणसाने रस्त्यावर रेघा मारून चार वर्षांत संपवत आणली.

गल्ली धंतोलीतली, त्यामुळे दर दुसऱ्या दारावर डॉक्टरची पाटी. सगळ्या विदर्भाचे पेशंट इथे येतात आणि पौनीकरजींना आयतीच नाकं मिळतात. एकदा एक्स-रेचं पाकीट घेऊन धावत सुटलेल्या माणसाला त्यांनी धरलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, हीसुद्धा तपासणीच आहे. त्याने निमूटपणे आठ वेळा वास घेतला, सात पावलं मागे गेला आणि शेवटी अगदी अदबीने विचारलं, "रिपोर्ट केव्हा भेटन जी?"

समोर नाक-कान-घशाचा दवाखाना आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांना मात्र ते हात लावत नाहीत. "त्यांच्या नाकावर भरोसा नाही," म्हणतात. गल्लीतल्या नाकांची त्यांनी प्रतवारीच लावली आहे. तंबाखू खाणारे बाद. सर्दीवाले आठ दिवस बाद. माझं नाक पहिल्या नंबरचं. चार घरं पलीकडे कोणाची फोडणी करपली ते मी घरबसल्या सांगते. हा माझा गुण आमच्या ह्यांना कधी आवडला नाही, पौनीकरजींना मात्र त्याचं फार अप्रूप.

हा सगळा खटाटोप माश्यांसाठी. त्यांच्या गच्चीवर मधमाश्यांची एक लाकडी पेटी आहे. आधी दोन होत्या. एक गेल्या वर्षी रिकामी झाली. मेलेल्या माश्यांचा सडा वगैरे काही नाही, सकाळी गेलेल्या माश्या एकेक करून परत यायच्याच थांबल्या. पौनीकरजी दोन दिवस त्या पेटीजवळ स्टूल टाकून बसले होते. मी वरणफळं घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, दुसरी बी गेली ना, तर मंग माझं काही नाही राहत." मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं. माश्या गेल्या तर मध विकत मिळतो, असं काहीतरी मी बोलूनही गेले.

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसत, त्यामुळे पौनीकरजी कशाचीही गोष्ट सुतावर आणतात. "फुलाचा वास म्हणजे एक सूत आहे, बाई. फुलातून निघते, हवेवर लांबच लांब जाते. माशी ते सूत धरून फुलापर्यंत येते. गाड्यांचा धूर त्याले खाऊन टाकते. सूत अर्ध्यातच तुटलं का माशी फिरत राहते इकडं-तिकडं. अन् माशी वास घेते मिशांनं, त्यावर धुळीचा कण बसला, मंग तर तिले काहीच समजत नाही."

आता हे मला ऐकवायचं! मी आयुष्यभर फळ्यावर फुलाची आकृती काढून पुंकेसर आणि स्त्रीकेसर शिकवले, आणि हा माणूस रोज फाटकात उभा राहून मला मधमाशी शिकवणार. मी हूं हूं करून खडू द्यायची आणि दार लावून घ्यायची.

पण रेघ आखडत चालली होती, हे मात्र खरं. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवला होता. दिवसभर ट्रक आणि अँब्युलन्स तिथूनच वळत, पांढरी धूळ उडे. पावसाळ्यानंतर जी रेघ दवाखान्याच्या पायरीपर्यंत जायची, ती जानेवारीत फाटकापासून सहा पावलांवर आली. पौनीकरजी पाइप लावून झाडाची पानं धूत, मग रस्ता धूत, मग पुन्हा मला हाक मारत. "आता घ्या बरं वास." मी पाऊलभर जास्त सांगायची. तेवढंच त्यांना बरं वाटे.

त्याच दिवसांत माझ्या अंगणातलं लिंबू फुललं. माझं झाड त्यांच्या भिंतीवर वाकलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या माश्यांचं ते हक्काचं माहेर. पण कोवळ्या पानांवर माव्याची कीड पडली. पानं मुडपली, चिकट झाली. काटोलहून आलेल्या माझ्या भाच्याने एक बाटली आणून दिली. "मावशी, एक झाकण टाक बादलीत. दोन दिवसांत साफ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला, फवारणीचा पंप धुतला, बादलीत पाणी घेतलं. झाड फुलांनी भरलेलं, त्यावर माश्या गुणगुणत होत्या. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि हात आपोआप नाकाकडे गेला. या माणसाने चार वर्षं सवयच तशी लावली होती.

"बाई! नाकाले लावू नका!"

पौनीकरजींचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते गच्चीवरून खाली कसे आले मला माहीत नाही. फाटक ढकलून आत आले, माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं. मी चिडलेच. गल्लीतल्या कुत्र्याला सोडून सगळ्यांना वास घ्यायला लावणारा माणूस मला सांगतो, वास घेऊ नका!

"का बरं? तुमची मधुकामिनीच तेवढी हुंगायची का?"

ते पायरीवर बसले.

"पारशिवनीले माझं दुकान होतं ना. बियाणं, खत, फवारणीचं औषध. शेतकरी बाटली हातात घेऊन म्हणे, नकली तर नाही? मंग मी झाकण उघडून आधी सोता वास घेऊ. जोरात. अन् म्हणू, असली आहे, घेऊन जा. गिऱ्हाईकाचा भरोसा बसे. सव्वीस वर्षं असंच केलं."

"मग?"

"मंग एक दिवस घरी चहा घेऊन राहिलो होतो. मी बायकोले म्हटलं, काहून वं, आज अद्रक नाही टाकलं? ते म्हणे, टाकलं ना."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला..."

"काहीच येत नाही. बारा वर्षं झाले. डॉक्टरले दाखवलं, ते म्हणाले गेलं ते गेलं. मधुकामिनी तर मी दुकान विकल्यावर लावली. तिचा वास कसा असते, मले मालूमच नाही."

मी हातातला पंप खाली ठेवला. चार वर्षं मी या माणसाची टिंगल करत होते.

"माशीवरून समजते मले," ते म्हणाले. "उडता उडता मधेच थांबते अन् वळते. ते वळली का मी म्हणतो, हां, इथं वास आहे. दुकानात होतो तेव्हा संत्र्याच्या बहारात लोकांले मीच सांगू, सकाळी फवारा, हवा पडलेली राहते. माशी बी सकाळीच येते, हे मी पाहिलंच नाही, बाई. सगळ्याच मरत नाही. काही नुसत्या भुलतात. फूल समोर राहते अन् तिले समजत नाही. माझ्यासारखं करून ठेवलं मी त्यायचं."

परागीभवनावरचा प्रश्न मी एकतीस वर्षं परीक्षेत घातला. उत्तरात मधमाशीचं नाव विसरलेल्या पोरांचे गुण कापले. आणि त्या सकाळी भर बहरातल्या झाडावर मीच पंप मारायला निघाले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली. ते म्हणाले, "जाऊ द्या ना. तुम्ही अजून फवारलं कुठं?"

बाटली आम्ही कागदात गुंडाळून भाच्याला परत दिली. मुडपलेले शेंडे मी कात्रीने कापले, उरलेला मावा पौनीकरजींनी पाण्याच्या पाइपने धुऊन काढला, पहाटे, माश्या उठायच्या आधी. पंधरा दिवस हे चाललं. लिंबं या वर्षी कमी धरली आणि डागाळलेली निघाली, पण गच्चीवरची पेटी भरलेली राहिली. संध्याकाळी कान लावला तर आतून घरघर ऐकू येते.

मग एका दुपारी माझं दार वाजलं. पौनीकरजी उभे होते. त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हैदराबादला असतो, घरी ते एकटेच रांधून खातात. हातात स्टीलचा डबा होता, तो त्यांनी पंच्याखाली झाकून आणला होता.

"कोनाले सांगू नका, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "कालचं वरण आहे. पाहा ना जरा, खराब तर नाही झालं?"

झाकण उघडायच्या आधीच मला कळलं. "आंबलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मंग परवाचं बी आंबलंच असन. तरीच पोट दुखून राहिलं होतं." ते ओशाळल्यासारखे हसले. "फुलाचं माशी सांगते, बाई. वरणाचं कोन सांगन?"

मी डबा घेतला, मोरीत रिकामा केला, घासला आणि आमच्या कुकरमधलं गरम वरण त्यात भरलं. ते दारातच उभे होते. डबा हातात आल्यावर त्यांनी तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"हिंग टाकलंय," मी सांगितलं. "आणि थोडा गूळ."

"अस्सं," ते म्हणाले. "सांगत जा."