दुसरा ब्रेक

बाबांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या बाबांच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला तो असतोच, त्यात नवल नाही. नवल हे, की त्या शनिवारी गाडीत शिकाऊ असं कोणीच नव्हतं. चाकावर होती त्यांची मुलगी. तिच्याकडे पक्कं लायसन होतं, आणि स्कूलच्या पुढच्या खोलीत ती कित्येक वर्षं लोकांना उजवीकडे वळायला शिकवत होती. फळ्यावर. रस्त्यावरचं शिकवणं बाबांनी आजवर कोणाच्या हाती दिलं नव्हतं. तिनं फारच हट्ट धरला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "ज्या दिवशी तुझ्या शेजारी बसून मला एकदाही ब्रेक दाबावा लागणार नाही, त्या दिवसापासून शिकाऊ लोक तुझे."

तो दिवस आजचाच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

निमित्त दुर्बीणकाकांचं होतं. हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. दूरच्या गावाहून राहायला आले होते आणि त्यांना खाडीकाठची दलदल बघायची होती. घाई कसलीच नव्हती. वाटेल तिथे थांबायचं, पक्षी बघायचे, पुढे निघायचं. बाबांनी लगेच होकार दिला, कारण बाबांच्या गाडीला घाई ठाऊकच नव्हती.

बांधावरचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उथळ, कोमट पाणी आणि अंगाला चिकटणारी हवा. गाडीच्या टपावर शिकाऊचा भलामोठा लाल बोर्ड होता. तो काढायचा तर नट गंजले होते, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक जण त्यांना ओलांडून जाताना तिच्याकडे दयेनं बघत होता. एका स्कूटरवालीनं तर वेग कमी करून, खिडकीशी येऊन, घाबरू नका, जमेल हळूहळू, असा धीर दिला. बाबांनी तिचे आभार मानले. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तळपाय कामात होता, म्हणून ती गप्प बसली.

काका मागून थांब म्हणत आणि ती गाडी अशी अलगद थांबवी, की काकांच्या मांडीवरच्या थर्मासातला चहासुद्धा हलत नसे. बाबांचा बूट दुसऱ्या ब्रेकवर नुसता टेकलेला असे. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पक्षी सोडून तो बूट बघत होती. काका बगळे दाखवत, पाणकोंबड्या दाखवत. बाबा मान वळवत नसत. आपलं लक्ष रस्त्यावर असतं, असं ते अभिमानानं सांगत. अर्धी वाट सरली. बूट हलला नव्हता.

पुढे एका वळणावर भरतीच्या पाण्यानं चिखल आणून टाकला होता. तिनं आधीच वेग कमी केला, गियर बदलला आणि बाबा शिकवतात तशी, अगदी फळ्यावरच्यासारखी, गाडी वळवायला घेतली. नेमकं तेव्हाच डावीकडचं सगळं पाणी गुलाबी झालं आणि उडालं. एवढे रोहित पक्षी एकदम उठलेले पाहून, जन्मात कधी काचेबाहेर न बघणाऱ्या बाबांनी बाहेर बघितलं, "अगं बाई" म्हटलं आणि ब्रेक दाबला. गाडी लोण्यावरून घसरावी तशी घसरली आणि नाक खाली करून दलदलीत बसली.

बाबांनी बूट ब्रेकवरून उचलला.

"बघ," बाबा म्हणाले. "दाबावा लागला ना?"

"लागला?"

"मग गाडी कुठेय ती बघ की."

"मास्तर," काका मागून म्हणाले, "आधी ब्रेक आणि मग चिखल, असा क्रम होता."

"तू मागे बसलायस. मागून क्रम उलटा दिसतो."

मग बाबा सूचना द्यायला खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. तिथूनच त्यांनी हाफ क्लचचा धडा सुरू केला. तिनं सांगितलं तसं केलं. चाकं जागच्या जागी फिरली आणि धडा देणारे डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाले. तेवढ्यात सहलीची एक बस आली. पक्षी उडून गेलेले, तेव्हा प्रवाशांनी उतरून गाडीचेच फोटो काढले. बसचा ड्रायव्हर जवळ आला, चिखलातल्या आकृतीकडे निरखून बघितलं आणि वाकून नमस्कार केला. तो बाबांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"मास्तर, शिकाऊनं घातली का?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मुलीकडे.

"हो," ते म्हणाले. "नवीन आहे."

बसला दोर बांधून गाडी बाहेर ओढली जात असताना ती चाकामागे ताठ बसून होती. बसमधली एक आजी तिला खिडकीतून सांगत होती, की आपणही पहिल्यांदा कुंपणातच घातली होती. तिनं आजींना मान डोलावली.

परतताना पुढची सीट खराब नको म्हणून चिखलानं माखलेल्या बाबांना मागे प्लॅस्टिकवर बसवलं आणि काका पुढे आले. मागे ब्रेक नव्हता. प्रत्येक वळणाला बाबांचा पाय तिच्या सीटच्या पाठीत रुतायचा आणि तिला तो पाठीच्या कण्यात कळायचा. मग तो रुतेनासा झाला. तिनं आरशात बघितलं. बाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. दुसऱ्याच्या हातच्या गाडीत त्यांचा डोळा लागलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. काका हळूच तसं म्हणाले. तिला त्याचाही रागच आला. आपला दिवस बुडवून वर हे खुशाल घोरताहेत.

घरी आल्यावर तिनं किल्ली टेबलावर आदळली आणि आत निघून गेली. काय काय सुनवायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. उद्या सकाळी बोलू, म्हणाली.

सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बाबा गेले. डॉक्टर धावत आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक जमले, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. ती रडली नाही. भांडण असं मध्येच टाकून जाणं तिला पटतच नव्हतं. इंजिन चालू ठेवून गाडीतून उतरायचं नाही, हे बाबाच सगळ्यांना बजावत आले होते.

चार दिवसांसाठी आलेले काका बरेच दिवस राहिले. अखेर त्यांनाही जायला हवंच होतं. स्टेशनवर सोडायला गाडी तिनंच काढली. काका बाबांच्या सीटवर अवघडून बसले, बॅग मांडीवर धरून. भर बाजारातल्या गर्दीत काकांची बॅग घसरली, ती सावरायला त्यांनी पाय पुढे रोवला आणि गाडी आचका देऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागच्या गाड्यांनी भोंगे लावले. कोणीतरी टपावरचा बोर्ड वाचून ओरडलं, शिकायचं तर मैदानात जा. काका बिचारे काय आडवं आलं म्हणून काचेतून पुढे बघत होते. पाय होता तिथेच होता.

तिनं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. शेजारी तिनं बघितलंच नाही.

"बाबा, पाय काढा," ती म्हणाली. "येते मला गाडी. कधीपासून येते."