चार अंगठ्या आणि एक लोहार

राक्षस मारण्यात अख्ख्या जळगाव जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. राक्षस संगणकावरचे, पण म्हणून काही ते कमी चिवट नसतात. दिवसभर मी शेतांचे नकाशे काढतो, कोणाच्या वावरात ठिबकची नळी कुठून न्यायची ते ठरवतो आणि संध्याकाळी घरी येऊन तलवार उपसतो. या खेळाचं इंग्रजी नाव मालगाडीएवढं लांब आहे, म्हणून आमच्या घरात त्याला नुसतं 'गडांचा खेळ' म्हणतात. सात गड, सात राक्षस आणि वाटेत आपल्याबरोबर चालणारे चार सोबती. तो मी तीन वेळा संपवलाय. तोही कडक पद्धतीने, म्हणजे एकदा जे केलं ते केलं, पुसून मागे जायची सोयच नाही!

आता एक लाजिरवाणी गोष्टही सांगतो. हे सोबती मधूनमधून बोलायला लागतात. मुक्कामाला शेकोटी पेटली की एकेक जण आपली कहाणी काढतो. त्यावर उपाय म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की बोलणं झरझर पुढे पळतं आणि आपण थेट पुढच्या राक्षसापाशी. माझ्या त्या बटणावरचं अक्षर झिजून पार गुळगुळीत झालंय.

तर धुळ्याला मुलगी बघायला गेलो, तिथे मी हाच पराक्रम सांगितला. मुलीचं नाव सारिका. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यात नीट बघून बोलायची तिला सवय आहे. पोहे झाले, मोठी माणसं कोण कुणाचा कोण लागतो ते शोधण्यात रमली आणि आम्हा दोघांना दहा मिनिटांसाठी गच्चीवर पाठवलं. काय आवडतं, असं तिने विचारलं. मी खेळाचं नाव घेतलं. ती म्हणाली, अरे, मीही तोच खेळते! मला वाटलं, जमलं. झालं आता लग्न.

मी छाती फुगवून तीनदा संपवल्याचं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, की मग इल्माच्या हरवलेल्या बहिणीचं शेवटी काय झालं?

"कोण इल्मा?" मी म्हणालो.

"तुमच्याबरोबर चालणारी वैदीण."

तशी एक होती खरी. पण दुसऱ्या गडानंतर ती मला कुठे दिसली नव्हती. तिरंदाज केरा तिसऱ्या गडाला गायब झाली, जादूगारीण ओडा चौथ्याला आणि तो म्हातारा लोहार कधी गेला ते आठवतही नव्हतं. मी आपलं धरून चाललो होतो की खेळ तसाच आहे, मागची माणसं गळत जातात. सारिका म्हणाली, गळत नाहीत, निघून जातात. कुणी त्यांच्याशी बोललंच नाही तर ती तरी किती दिवस राहतील?

मग ती कठड्याला टेकून शांतपणे म्हणाली, "राक्षस काय, मोठी तलवार घेतली की मरतो. मी तो खेळ मुक्कामासाठी खेळते. थकून आल्यावर माणूस शेजारच्याशी काय बोलतो, ते तिथे कळतं. आणि लग्न झाल्यावर मला तुमच्याकडे रोज मुक्कामालाच राहायचंय ना?"

ती चिडली नव्हती, हसत होती. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडचे जळगावला घर बघायला येणार होते. तोवर नव्याने खेळा, म्हणाली, तेव्हा मी घरापेक्षा तुमचा मुक्काम बघेन. साधं सांगतो, मला ती मुलगी मनापासून आवडली होती. याआधी अकरा ठिकाणी चहा-पोहे झाले होते, पण परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून मी एकटाच हसत बसलोय, असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन पहिल्या गडापासून सुरुवात केली आणि पहिल्याच मुक्कामाला माझी अब्रू गेली. इल्मा म्हणाली, माझी बहीण हरवलीय. पडद्यावर उत्तरासाठी चार पर्याय आले. मी निवडलं, 'राक्षस कुठे आहे?' इल्माने माझ्या जखमेवर मीठ असलेला लेप लावला.

आई शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, ती बाई का रडतेय? मी इंग्रजीतलं सगळं समजावून सांगितलं. आईचं नाव मंजुळाबाई, माहेर पारोळ्याकडचं, आणि आमच्या भावकीत तिची एक खास ख्याती आहे. लग्नात टॉवेल-टोपी मिळाली नाही म्हणून कुणाचा मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला, की माणसं आधी आईला शोधतात. ती जाते, त्याच्या शेजारी बसते, काहीतरी पुटपुटते आणि दहा मिनिटांत मामा पंगतीत असतो.

आईने शेंगांची परात बाजूला सरकवली आणि म्हणाली, "ती उपाशी शे का, ते इचार पहिले."

गंमत म्हणजे पर्यायांत तेच होतं, अगदी शेवटचं. 'आधी काही खाऊन घे.' मी ते दाबलं. इल्माच्या नावापुढे एक लाल बदाम उमटला. तीन वेळा खेळ संपवूनही तो बदाम मी कधी पाहिला नव्हता!

त्या दिवसापासून आई बोलायची आणि मी बटणं दाबायचो. तिने केराला गाव विचारलं, आजोळ विचारलं. ओडा कुणाशी बोलायची नाही, तर तिच्याशी दोन मुक्काम आपणही बोलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, असं ठरवलं. तिसऱ्या मुक्कामाला ओडा आपणहून बोलायला लागली. बदामांची नुसती रास पडत होती. आबा, म्हणजे माझे वडील सुपडू आबा, यांना तर बातम्यांपेक्षा इल्माच्या बहिणीची काळजी जास्त वाटायला लागली.

मधल्या एका शनिवारी आई हळदीला चोपड्याला गेली, म्हणून मी एकटाच खेळत होतो. ताटात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. शेकोटीपाशी तो म्हातारा लोहार, बर्गन, बोलायला लागला. माझी बोटं सवयीने बटणाकडे निघाली, पण उजवा हात भरताने माखलेला होता आणि डाव्यात भाकरी होती. मग काय करता, ऐकलं. तो सांगत होता, की बायको होती तेव्हा ती बोलायची आणि हा घण मारत बसायचा. आता याला बोलावंसं वाटतं, तर ऐकायला ती नाही. लांबच लांब कहाणी होती. भरीत संपलं, बोटांवर वाळून गेलं, तरी मी बटण दाबलं नाही. शेवटी चार पर्याय आले, त्यात एक होता, 'काही न बोलता बसून राहा.' मी तो निवडला. आई आल्यावर हे तिला सांगायचं राहून गेलं.

आता पाहुणे यायच्या आदल्या दिवसाचं ऐका. सहावा गड पडला आणि तिथल्या पेटीत चांदीच्या चार अंगठ्या निघाल्या. त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी होती, चांगली पानभर. माझ्या बोटाने ती सवयीने पुढे पळवली. आईने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, काही नाही, दागिना आहे म्हणे.

मला वाटलं, एक इल्माला द्यावी, बिचारी पहिल्यापासून सोबत आहे. आईने कपाळावर हात मारून घेतला.

"एकले देवो आन् बाकीनासले नही, हाई काय रीत शे?"

बरोबरच होतं तिचं. चार सोबती, चार अंगठ्या, आहेर सगळ्यांना सारखा. उद्या कुणी रुसायला नको. मी इल्माला अंगठी दिली, तिने भलंमोठं भाषण सुरू केलं, ते पळवलं. केराला दिली, तिचंही पळवलं. ओडाचं पळवलं. बर्गन तर अंगठी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता उभाच होता, त्यालाही पळवलं. आई समाधानाने म्हणाली, झालं मानपान.

मुक्काम पडला. चौघं शेकोटीभोवती बसली. इल्माने केराच्या बोटाकडे पाहिलं, केराने ओडाच्या. आणि पहिल्यांदाच माझं ते बटण चालेना! खेळाने ते बंदच करून टाकलं होतं. आता बसा ऐकत, म्हणे.

त्या देशात अंगठी देणं म्हणजे लग्नाची मागणी घालणं, हे त्या पानभर चिठ्ठीत लिहिलं होतं. चौघांनीही हो म्हटलं होतं, तेही मीच पळवलं होतं. म्हणजे एका दुपारी माझे चार साखरपुडे झाले होते आणि नवरदेवालाच पत्ता नव्हता!

इल्माने माझ्या सगळ्या मलमपट्ट्या परत घेतल्या. केराने माझ्या पागोट्यातून आरपार बाण मारला. ओडा जाता जाता माझ्या घोड्याची शेळी करून गेली. तिघींनी अंगठ्या शेकोटीत टाकल्या. आई पडद्याकडे तोंड करून त्यांची समजूत काढत होती, पण पर्यायच येईनात. हयातीत तिच्या हातून सुटलेला हा पहिला मांडव. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, चिठ्ठी वाचली का नाहीस रे? मी शेळीकडे बघत राहिलो.

रविवारी पाहुणे आले. मी रात्रीपासून घामाघूम होतो, तेव्हा आबांनी हळूच सुचवलं, की मीटरपाशी जाऊन फ्यूज काढून ठेवतो, वीज गेली म्हणून सांगू. मला मोह झाला होता, पण पाहुणे दारात येईपर्यंत आबांना चष्माच सापडला नाही.

सारिकाचे वडील देवचंद नाना हातात चहा घेऊन बसले. सारिका सरळ संगणकासमोर गेली. तिने सोबत्यांचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "साखरपुडा झाला आहे. बर्गन, लोहार, वय बासष्ट."

नानांची बशी हवेतच थांबली. यांचं आधीच कुठे ठरलंय का, असं त्यांनी आबांना विचारलं. आबा गडबडले आणि म्हणाले, हो, म्हणजे कालच झालं, पण आम्हालाही आधी कल्पना नव्हती. नानांनी बशी खाली ठेवली. पाहुणे कुठले, असं त्यांनी जड आवाजात विचारलं. आबा म्हणाले, डोंगराकडचे. त्यावर नाना चपला शोधायला लागले. शेवटी आईने त्यांना पडद्यापाशी नेऊन बर्गन दाखवला, शेळीही दाखवली, तेव्हा कुठे ते परत खुर्चीत बसले.

तोवर सारिका जुनी बोलणी वाचत होती. त्या खेळात प्रत्येक शब्द वेळेसकट साठवलेला राहतो. वाचता वाचता तिचा चेहरा खुलत गेला. मग तिने विचारलं, हे सगळं तुम्ही बोललात?

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. मी आईकडे पाहिलं. ती पदराने बशी पुसत होती, कोरडी बशी.

"नाही," मी म्हणालो. "हे सगळं आई बोलली. मी फक्त बटणं दाबली. आणि चिठ्ठी न वाचता अंगठ्या वाटल्या, तेवढं माझं स्वतःचं."

ती वाचत आणखी खाली गेली आणि एका जागी थांबली. "इथे अकरा मिनिटं काहीच दाबलेलं नाही. मग 'काही न बोलता बसून राहा'. हेही आईंनीच सांगितलं?"

आई म्हणाली, नाही बाई, त्या दिवशी मी चोपड्याला होते.

"ते मी," मी म्हणालो. "आधी हात भरताचे होते म्हणून. नंतर हात वाळले, पण दाबावंसं वाटलं नाही. तो माणूस फार दिवसांनी बोलत होता."

सारिकाने माझ्या डोळ्यात पाहिलं, नंबर काढताना बघत असेल तसं. मग तिने आईला विचारलं, भरीत आहे का अजून? होतं. ती दोन भाकरी जेवली. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता मला म्हणाली, "तिघी गेल्या, त्या बरोबरच गेल्या. पण चौथा थांबलाय. तो उगाच थांबत नाही."

मंगळवारी नानांचा होकार आला. आबांना चष्मा सापडला, तो मीटरच्या पेटीवर होता.

आमच्या लग्नाला आता चार महिने झालेत. रोज संध्याकाळी सासू-सून गडांचा खेळ खेळतात आणि मी चहा करतो, कारण माझ्या बोटांवर दोघींचाही भरवसा नाही. परवा मी भीत भीत विचारलं, की खेळातलं ते लोहाराचं प्रकरण मोडून इल्माची माफी मागता येईल का? सारिका म्हणाली, दिलेला शब्द मोडायचा नाही. आई म्हणाली, मानूस चांगला शे. गुरुवारी माझं बर्गनशी थाटामाटात लग्न लागलं. इल्मा, केरा, ओडा तिघीही आल्या होत्या, आईने त्यांना पुन्हा गाठून त्यांची समजूत काढली होती. रुसली होती ती फक्त शेळी, आणि तिची समजूत काढायचं काम माझ्याकडे दिलंय. अजून जमलेलं नाही.