दशमीला साडेसातची भरती

अवसरी बुद्रुकहून समुद्र चांगला सहा तासांच्या वाटेवर आहे. तरीही भगवंतरावांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात श्रीवर्धनच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असत. लोकांच्या कॅलेंडरवर गॅसची टाकी कधी लावली ते असतं. शेजारचा चांगदेव चहाला आला की हमखास विचारायचा, “आप्पा, हे पाणी आपल्या वावरात कधी शिरणार हाय?” भगवंतराव हसून घ्यायचे. चहाला निदान कुणी येतंय, एवढ्यावर ते खूश असत.

भगवंतराव तीस वर्षं श्रीवर्धनला पोस्टात होते, तारेच्या खिडकीवर. बायको सरूबाई आणि मुलगा भरत इकडे गावी, कारण शेती कोण बघणार. संध्याकाळी खोली खायला उठायची, म्हणून त्यांनी खडकावर बसून गळ टाकायला शिकून घेतलं. पुढे तारा बंद झाल्या, मग नोकरी संपली, ते गावी आले, आणि तीन वर्षांपूर्वी सरूबाई गेली. घरच्यांत राहायला मिळावं म्हणून ज्या माणसाने तीस वर्षं वाट पाहिली, तो घरी येऊन पुन्हा एकटाच. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्यांची एकच इच्छा उरली होती. एका शनिवारी कुणाला तरी सोबत घेऊन त्या खडकावर जाऊन बसायचं. कुणाला तरी म्हणजे खरं तर भरतला. भरत चाकणला एका कंपनीत होता आणि फोनवर त्याचं ठरलेलं असायचं.

“आप्पा, ह्या शनिवारी न्हाई जमायचं. कंपनीत लई लोड हाय.”

“मग पुढच्या? चतुर्थी हाय. तीनला भरती. वारं बी पडलेलं हाय.”

“बघतो.”

भरतच्या ‘बघतो’चा अर्थ भगवंतरावांना पाठ झाला होता. चंद्र जुळायचा, वारा जुळायचा, पाणी जुळायचं. मुलगा काही जुळायचा नाही.

शेवटी मार्गशीर्षात त्यांनी मनाशी ठरवलं, भरत नाही तर नाही, दुसरं कुणी चालेल. लहानपणी पाठ केलेली पाऊणकी त्यांना अजून येत होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना श्रीवर्धनच्या परवेजने शिकवलं होतं. एकादशी टाळली, कारण त्या दिवशी गावात माशाचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवतात. दशमी काढली. दहाची पाऊणपट साडेसात. अष्टमी नुकतीच सरलेली, म्हणून पाणी फार चढणार नाही, पण खडक ओळखीचा. मोबाईलवर हवामान पाहिलं, वारा मंद. मंचरच्या शौकतची मिनीबस सांगून टाकली. शौकत म्हणाला, “आप्पा, मासेच धरायचे तर डिंभ्याच्या धरणावर जाऊ की, तासाभराचं काम.”

“डिंभ्याला भरती येती का?” भगवंतरावांनी विचारलं. शौकतने तारीख लिहून घेतली.

मग त्यांनी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला. आता तारबाबूचा हात तो. तारेत शब्दागणिक पैसा पडतो, त्यामुळे फालतू शब्द दिसला की त्यांच्या बोटाला चावायचा. निरोप असा गेला : ‘शनिवार दशमी. श्रीवर्धन. सकाळी साडेसात भरती. भरती कमी पण जागा पक्की. माणूस ओळखीचा. खर्च नाही. वयाची अट नाही. शुक्रवारी दुपारी बारा मारुती मंदिर.’ शेवटी ‘सोबत हवी’ असे दोन शब्द लिहिले होते, ते जास्तीचे वाटले म्हणून काढून टाकले. ‘मासे’ हा शब्द तर आधीच काढला होता, श्रीवर्धनला माणूस आणखी कशाला जाणार.

गावात चाळीसेक पोरं चार-चार वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे रस्त्याने पळणाऱ्यांमुळे दुधाच्या गाडीला वाट मिळत नव्हती. त्यांच्यात हा निरोप पडला.

संध्याकाळी पप्पू आला. पप्पू सव्वीस वर्षांचा, तीनदा पडलेला, दर वेळी उंचीत अर्ध्या सेंटीमीटरने जाणारा. तो दारात चप्पल काढून हात बांधून उभा राहिला.

“आप्पा, भरतीचं खरं हाय न्हवं?”

“खरं म्हंजे? हिशेब केलाय मी. साडेसात म्हंजे साडेसात. धा मिनटं इकडं-तिकडं.”

“उंचीचं काय व्हईल? माझी जरा कमी भरती.”

“उंची कशाला लागती? बसून करायचंय ते. दोन तास जाग्यावरनं हलायचं न्हाई, बास.”

पप्पूचा चेहरा उजळला. बसून करायची नोकरी त्याच्या स्वप्नातसुद्धा आली नव्हती. “आन पळायचं?”

“अजिबात न्हाई. पळापळ करणाराला तिथं काय बी मिळत न्हाई. ज्याला गप बसाया येतंय त्याचंच काम व्हतं.”

“समजलं,” पप्पू आवाज खाली आणून म्हणाला. “आपन कुनाला बोलनार न्हाई. कागदं किती आनू?”

“आण की चार-सहा. भिजली तरी चालतील अशी आण.” भगवंतरावांना मासे गुंडाळायला रद्दी हवी होती. पप्पूने त्याच संध्याकाळी सगळे दाखले प्लास्टिकमध्ये मढवून घेतले.

शुक्रवारपर्यंत एकोणचाळीस नावं आली. भगवंतरावांनी नावं वहीत उतरवली आणि दिवसातून चार वेळा वाचली. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करायला लागले. कुणाची आई ताटलीत शेंगदाण्याचे लाडू घेऊन यायची आणि म्हणायची, “आप्पा, आमच्याकडं ध्यान ठेवा बरं.” भगवंतराव म्हणायचे, “माझ्या शेजारीच बसवतो.” ती माउली डोळ्यांना पदर लावून जायची. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर भगवंतरावांचा फोटो आणि खाली ‘श्रीवर्धन भरतीस हार्दिक शुभेच्छा’. गावाला मासेमारीची एवढी आवड आहे हे आपल्याला तीन वर्षांत कसं कळलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. शौकतने आणखी एक गाडी सांगितली.

गाड्या निघाल्या तेव्हा नारळ फुटले. भगवंतराव पुढच्या सीटवर, मांडीवर गळाच्या काठ्यांची पिशवी. शेजारी अक्षदा बसली होती, बावीस वर्षांची, पायात पळायचे बूट, हातात फाईल. ताम्हिणी घाट लागला तेव्हा ती म्हणाली, “आप्पा, तुमच्या नावावर घरच्यांनी सोडलं बघा. न्हाईतर ह्याच महिन्यात माझं लगीन लावत व्हते. आता ह्या भरतीत निघाले तर सुटले.”

लग्नाचा आणि माशाचा संबंध काही भगवंतरावांना लागेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. एकोणचाळीस जणांत एकाकडेही गळ नव्हता. सगळ्यांकडे फायली होत्या. मनात कुठेतरी शंका आली, अगदी स्पष्ट आली. एक प्रश्न विचारला असता तर घाटातच उलगडा झाला असता. पण विचारला तर गाडी मागे फिरेल, हेही त्यांना कळत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी कुणी सहा तास बोलत होतं. त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि विचारलं, “लाडू खाती का?”

रात्री सगळे परवेजच्या सुपारीच्या वाडीत झोपले. परवेज मुलीकडे पनवेलला गेला होता, किल्ली शेजारी ठेवून. सकाळी उजाडता उजाडता भगवंतराव मंडळींना घेऊन किनाऱ्यावर आले आणि जागच्या जागी थांबले. वाळूत आधीच दीड-दोनशे माणसं उभी होती, उंचीप्रमाणे रांगा लावून. निरोप अवसरीच्या ग्रुपमधून निघाला होता तो आणे गावाला गेला, जुन्नरला गेला, आहुप्याच्या डोंगरात गेला. वाटेत त्याला पंख फुटले होते. कुणाच्या मोबाईलवर ‘उंचीची अट नाही’ असं होतं, कुणाच्या मोबाईलवर ‘आपला माणूस आत आहे’.

“आप्पा,” पप्पूने विचारलं, “सायेब लोक कुठंयत?”

“कोण सायेब?”

“भरती घेनारं. साडेसातला चालू व्हनार ना?”

“अरं, चालू झाली की कवाच. ती बघ, येतीये.” भगवंतरावांनी समुद्राकडे बोट केलं.

दोनशे माणसांनी समुद्राकडे पाहिलं. एक लाट आली, पुढच्या रांगेचे बूट भिजवून गेली. मग पप्पू हळूहळू खाली बसला, मढवलेले दाखले मांडीवर घेऊन.

“पान्याची भरती,” तो म्हणाला.

“आमी आहुप्यावरनं तीन गाड्या बदलून आलोय,” मागून कुणीतरी ओरडलं. “कोन हाय तो माणूस?”

भगवंतराव पुढे झाले. त्यांनी हात जोडले. “मीच. पोरांनो, माफी करा. मासं धरायला सोबत पायजे व्हती, तेवढंच लिवायचं व्हतं. सवयीनं शब्द वाचवले.” मारतील तर मारू देत, असं मनात म्हणून ते उभे राहिले.

कुणी मारलं नाही. आजोबांच्या वयाच्या, हातात गळाची पिशवी घेतलेल्या माणसाला कसं मारायचं, हे कोणत्याच भरतीच्या पुस्तकात नव्हतं. काही जण शिव्या घालत चहाच्या टपरीकडे गेले. अक्षदा मात्र डोळे पुसून बुटाची नाडी बांधत म्हणाली, “आलोच हाय तर पळू. असलं सपाट रान आपल्याकडं कुठंय? सोळाशे मीटर. कोण वेळ लावतं?” शौकतने मोबाईल काढला. आणि बघता बघता शे-सव्वाशे माणसं वाळूवरून पळत सुटली. तो प्रकार पाहून श्रीवर्धनमधलीच चार पोरं घरून आधारकार्ड घेऊन आली आणि ‘भरती कसली आहे’ हे न विचारताच मागच्या रांगेत घुसली.

किनारा मोकळा झाला. भगवंतराव खडकाकडे वळले. आता एकट्यानेच बसायचं होतं, त्याची सवय होती. तेवढ्यात त्यांना दिसलं की एक माणूस पळायला गेलेला नाही. तो रांगेच्या जागीच उभा होता. पोट थोडं सुटलेलं, टोपी कपाळावर ओढलेली, काखेत फाईल. वयाने छत्तिशीच्या पुढचा. भगवंतरावांनी डोळे बारीक केले.

“भरत?”

टोपी वर झाली. “आप्पा. तुमी टाकला व्हता व्हय तो मेसेज?”

“मीच. तुला कुठं मिळाला?”

“चाकणला रूमवर एकानं पाठवला. नाव नव्हतं खाली.”

भगवंतरावांचा आनंद पोटात मावेना. “आलास, बरं केलं. कंपनीनं सुट्टी दिली मग?”

भरत वाळूकडे बघत राहिला. “दिली. मार्चमधीच दिली, आप्पा. कायमची.”

मार्च ते मार्गशीर्ष. भगवंतरावांनी मनातल्या मनात महिने मोजले. त्या सगळ्या शनिवारी त्यांनी फोन केला होता, आणि त्या सगळ्या शनिवारी भरत चाकणच्या खोलीत रिकामा बसून ‘लई लोड हाय’ म्हणत होता.

“सूनबाईला ठावं हाय? अश्विनीला?”

“तिला एकटीलाच. तुमाला कसं सांगू? वयाची अट न्हाई म्हनलं, म्हनून आलो.”

त्यांनी भरतच्या काखेतली फाईल घेतली, भिजणार नाही अशा उंच खडकावर ठेवली आणि वर दगड ठेवला. मग पिशवीतून दुसरी काठी काढून त्याच्या हातात दिली.

“मला काय येत न्हाई ह्यातलं,” भरत म्हणाला.

“ह्यात येण्यासारखं काय न्हाई. बसायचं.”

भरत बसला. पाणी चढत होतं. दोघंही काही बोलत नव्हते. भगवंतरावांनी असा गप्पपणा घरात तीन वर्षं आणि इथे तीस वर्षं सोसला होता, पण शेजारी माणूस असला की तो किती वेगळा लागतो हे त्यांना आज कळत होतं. त्यांना रडू येत होतं आणि ते गळाकडे बघत होते.

पळणाऱ्यांची दुसरी फेरी खडकाजवळून गेली. पप्पू सगळ्यात मागे होता. आप्पांच्या शेजारी, हातात काठी घेऊन, टोपी पुन्हा कपाळावर ओढून ऐटीत बसलेला तो माणूस पाहून तो दम खात थांबला.

“आप्पा, ह्यांना बरं बसवलं? निवड झाली का ह्यांची?”

“झाली,” भगवंतराव म्हणाले.