पंचाहत्तरीचं आवरण

टपाल तिकिटांचं प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि धम्मरत्न सरांच्या फाइलीतलं स्काउट चळवळीच्या पंचाहत्तरीचं आवरण गायब झालं. तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं ते जुनं पाकीट म्हणजे सरांचा जीव की प्राण. कळंबच्या शाळेत त्यांनी स्काउट-गाईड शिकवलं, पण ते पाकीट पोरांना कायम हातभर लांबूनच दाखवलं.

"ते होय," त्यांच्या पत्नी कौसल्याबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "उमेराच्या लग्नात त्यातच आहेर देल्ला. घरातली पाकिटं सरली होती. त्याच्यावर तंबूपुढं पोरं सलाम करून राह्यले होते, मले चांगलं वाटलं."

सर खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "वरतं काही लिहिलं का?"

"नाव तर लिहाच लागते नं."

उमेरा म्हणजे गॅरेजवाल्या अय्यूबभाईंची मुलगी, सरांचीच विद्यार्थिनी. दिलेला आहेर परत मागायचा कसा, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. तरी सर गॅरेजवर गेले. अय्यूबभाईंनी चहा मागवला.

"अय्यूबभाई, ते आमचं पाकीट..."

"मिळालं सर. उमेरा सगळे पाकिटं संग घेऊन गेली वणीले, सासरी."

"नाही, मंजे, त्या पाकिटात जरा घोळ झाला."

अय्यूबभाईंनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो सर. आत टाकाचं राहून गेलं. होते असं घाईत. पाकीट खाली असलं तरी दुआ तर असतेच नं. दिल छोटा नका करू."

सरांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला आणि खुलासा चहाबरोबर पोटात गेला.

संध्याकाळी कौसल्याबाई भाजी घेऊन आल्या त्या तणतणतच. "चिंतामणीच्या देवळापासून इथलोक चार जणींनी मले धीर देल्ला. म्हणे, आजकाल पेन्शनीत भागत नाही. तुम्ही गावात सांगून आले का, का मी खाली पाकीट देल्लं म्हणून?"

"मी काहीच नाही सांगितलं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

आता प्रश्न पाकिटाचा राहिला नव्हता, कौसल्याबाईंच्या इभ्रतीचा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वणीच्या एसटीत बसली. सरांच्या पिशवीत बदली द्यायला एक नवंकोरं जरीचं पाकीट होतं. कोळशाच्या ट्रकांमागून गाडी हळूहळू चालली होती आणि सर मनात वाक्यं जुळवत होते.

उमेराच्या घरात पाऊल टाकलं आणि जुळवलेली सगळी वाक्यं विस्कटली. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ते आवरण होतं. शिक्क्यावरून आडवं, निळ्या बॉलपेननं, कौसल्याबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'उमेरा बेटीला, काका-काकूंकडून'.

"हिनं या घरात पहिला खिळा ठोकला तो याच्यासाठीच," उमेराचा नवरा सैफ हसत म्हणाला.

"सर कोणाले हात लावू देत नव्हते याले," उमेरा त्याला सांगू लागली. "आणि माह्या लग्नात अख्खं देऊन टाकलं. मी पाकीट पाह्यलं अन् रडलीच."

सरांनी पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

कौसल्याबाई मात्र कामासाठी आल्या होत्या. "बेटा, आत काही होतं नं?"

"होतं नं काकू. त्या पैशातच तर फ्रेम बनवली."

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना जेवण गोड लागलं.

निघताना उमेरा दारापर्यंत आली. जरा घुटमळली. "सर, एक विचारू? हे तर स्काउटचं आहे. मी गाईडमध्ये होती. गाईडचं वेगळं निघते का असं?"

गाईडच्या हीरक महोत्सवाचं आवरण सरांनी नागपूरला एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या घरी तीन चकरा मारून मिळवलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चौकटीशेजारी जागा भरपूर होती.

"निघते," सर म्हणाले. "पुढच्या खेपेले आणतो."

दोघं परतीच्या एसटीत बसली. मग कौसल्याबाईंनी हळूच विचारलं, "आता प्रदर्शनात कसं करता?"

"दोन जागा रिकाम्या ठीवतो," सर म्हणाले. "अन् खालतं लिहितो, उरलेला संग्रह वणीले पाहाले मिळन."