कानामागचा सरवा

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. वाटलीच, तर ऐकणाऱ्याने आधी स्वतःची नाडी दाखवून घ्यावी. पण एका आठवड्यात अख्ख्या बाजारपेठेतल्या पुरुषांच्या उजव्या कानामागे चार बोटं रुंद केसांचं रान उभं राहिलं, आणि त्या रानापायी एक धडधाकट बँक बुडता बुडता वाचली, हे अगदी सूर्यप्रकाशाइतकं खरं.

झालं असं की रविवारी चर्चमध्ये हंगामाची उपासना होती. वेदीपुढे भोपळे, कणसं, अंड्यांच्या टोपल्या. मागच्या बाकावर सलूनवाला रिकाम्या हातांनी बसला होता. कात्रीपेक्षा जीभ जोरात चालते म्हणून गाव त्याला थापाड्या म्हणे.

"आपल्याकडे पिकतं तरी काय, जे आणावं?" तो बायकोच्या कानात कुजबुजला.

"केस पिकतात. पण पोतं भरून आणलेत तर मी इथूनच माहेरी जाईन."

पाळकसाहेब बायबलातल्या सप्ताहांच्या सणाबद्दल, म्हणजे नव्या पिकाच्या सणाबद्दल बोलत होते. "नव्या गव्हाच्या दोन भाकरी आणा, कोकरं आणा, असं सांगता सांगता देव मध्येच म्हणतो, शेताचा कोपरा मात्र कापू नका. मागे पडलेली कणसं, तो सरवा, वेचू नका. गरिबाला आणि परक्याला राहू द्या. म्हणजे सण वेदीपाशी संपत नाही, तो बांधावर चालू राहतो. आणि धान्य गरिबाच्या दारात नेऊन ओता, असंही देव म्हणत नाही हं! तो आपल्या पायांनी येईल, आपल्या हातांनी वेचील, आपल्या घामाचं घरी नेईल. त्याची मान खाली जायला नको, एवढी काळजी!"

थापाड्या ताठ बसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी उस्तादांबद्दल प्रवचन देत होतं.

उस्तादांनी त्याच्या हातात पहिली कात्री दिली होती. रस्ता रुंद झाला त्यात त्यांचं दुकान गेलं. आता बँकेच्या भिंतीला आरसा टांगून, खुर्ची मांडून ते बसत, आणि खुर्चीवर माशा बसत. थापाड्याने डबा पाठवला, तो झाकण न उघडता परत आला. आपल्या दुकानात जागा देऊ केली, तर उत्तर मिळालं, "लेका, तुझ्या हाताखाली मी? तुझे हात माझ्या हाताखाली वळलेत!" आणि उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी कात्र्या विकून ते कायमचे पुतणीच्या गावी निघणार होते.

"सापडलं," थापाड्या म्हणाला.

"काय?"

"शेत."

सोमवारी पहिलं डोकं पोस्टमनचं. छान कापून झालं आणि थापाड्याने फडकं झटकलं.

"अरे, हे कानामागचं?"

"काय सांगू दादा, खांदा धरलाय. तिथवर हातच जात नाही. बँकेपाशी उस्ताद बसतात, एवढा कोपरा ते काढतील. त्याचे पैसे त्यांनाच द्या."

पोस्टमन पुटपुटत गेला. मग शिंपी गेला, मग औषधवाला. उस्ताद एकेक कोपरा उतरवत आणि शिष्याच्या नावाने बोटं मोडत. "गाढव! आख्खं डोकं कापतो आणि कानामागे माती खातो!" पण बोटं मोडताना त्यांचा चेहरा काय खुलला होता म्हणता! बायकोने घरी येऊन सांगितलं, "अहो, उस्ताद आज शीळ घालत होते."

बुधवारी घात झाला. कॉलेजच्या पोरांना कानामागचं ते रान आवडलं. ती कापून घेतात आणि झुपका मिरवत घरी जातात, बँकेकडे फिरकतही नाहीत! सरवा उभाच, आणि वेचणारा पुन्हा माशा मारत. मग थापाड्याने कोपरा वाढवला. गुरुवारपासून त्याच्या दुकानातून माणसं अर्ध्या डोक्याने बाहेर पडू लागली. अर्धं डोकं मिरवायची छाती कोणात असणार? तोंडावर रुमाल धरून जो तो बँकेकडे पळू लागला.

शुक्रवारी खुद्द पाळकसाहेब आले. डावी बाजू झाली आणि कात्री थांबली. त्यांनी आरशात पाहिलं.

"हा माझ्या प्रवचनाचा परिणाम तर नाही ना?"

"तुम्हीच म्हणालात, कोपरा सोडा."

"अरे, मी शेताबद्दल बोलत होतो!"

"माझं शेत हेच, पाळकसाहेब. बारा महिने कापणी. आता उस्तादांना डबा दिला तर मान खाली जाते, डोकं दिलं तर शीळ येते."

पाळकसाहेबांनी पुन्हा आरशात पाहिलं. तीस वर्षं ते हे वचन वाचत होते, पण ते असं कात्री घेऊन पुढ्यात उभं राहिलं नव्हतं. मग त्यांनी मान वाकवली. "डावीकडचेही थोडे ठेवायला हवे होतेस," ते म्हणाले, आणि रुमाल न धरता, भर रस्त्यातून, अर्ध्या डोक्याने निघाले.

पाळकसाहेबच गेले म्हटल्यावर कोण मागे राहतो? शनिवारी सकाळी बँकेच्या भिंतीपासून थेट चौकापर्यंत रांग लागली. रांग पाहून एका आजीबाईंनी विचारलं, "बँकेपुढे एवढी माणसं का हो?" कोणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी उत्तर दिलं. दहा मिनिटांत बँक बुडाल्याची बातमी घरोघर पोचली आणि लोक पासबुकं घेऊन धावले.

मॅनेजर समजूत घालायला पायरीवर आले. "शांत व्हा! बँकेत सगळं जागच्या जागी आहे!" पण तेही आदल्या संध्याकाळी थापाड्याकडे जाऊन आले होते.

"जागच्या जागी?" गर्दीतून कोणी ओरडलं. "साहेबांचे स्वतःचे अर्धे गेलेत!"

मग काय, दरवाजाच निखळायचा बाकी राहिला. मॅनेजर उस्तादांकडे धावले. "हात जोडतो, ही रांग इथून हलवा! आमच्या इमारतीत जिन्याखालची खोली रिकामी आहे, घ्या भाड्याने, पण भिंत सोडा!"

"आधी बसा," उस्ताद म्हणाले, "अशा डोक्याने करार करू नये." त्यांनी मॅनेजरचं डोकं पुरं केलं. मॅनेजर पायरीवर जाऊन उभे राहिले, आणि पूर्ण डोकं पाहून लोकांचा बँकेवर पुन्हा विश्वास बसला.

सोमवारी उस्ताद कोणत्याही पुतणीकडे गेले नाहीत. जिन्याखालच्या आपल्या नव्या दुकानाला कुलूप लावून ते दुपारी थापाड्याच्या दुकानात आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"खांदा कसा आहे?"

"ठणकतो हो, उस्ताद. कानामागे हात म्हणून जात नाही."

"कोणता?"

"उजवा... म्हणजे दोन्ही."

"खोटारड्या!" उस्ताद असे कडाडले की फडक्याखालचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "तू पहिल्यांदा माझ्याकडे शिकायला आलास, भीतीने थरथरत होतास, तेव्हा कानामागचे केस तुझ्या हाती देताना मी काय म्हणालो होतो? 'माझा खांदा धरलाय, तिथवर हात जात नाही, तेवढं तू काप.' थापा मारायच्या तर स्वतःच्या मार, लेका. ही माझी आहे!"