हरलेल्याचा वाटा

धर्मा नाखव्यांच्या ऑनलाइन लिलावात ‘प्रकाश देसाई, ठाणे’ या नावानं बोली लावणारा माणूस मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो. काकांच्या गमती सांगायला लागलो की मी रंगत जातो, आणि मग आपली चूक सांगायची राहूनच जाते.

धर्माकाका माझे शेजारी. किहीमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, नारळाच्या वाडीला लागून आमची दोघांची घरं आहेत. काकांनी उभी हयात बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात घालवली. होड्या लागल्या की कोळणी आणि व्यापारी आधी काकांना शोधत. पुढे मोठ्या बोटी दुसऱ्या बंदराला लागू लागल्या, भाव फोनवर ठरू लागले आणि काकांना हाक मारायचं कुणाला कारण उरलं नाही. बायको गेलेली. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. फोन करतो, “बाबा, जेवलास का?” विचारतो आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या मागचे हॉर्न वाजायला लागतात.

मग काकांनी मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या गोळा करून त्यातून हातभर लांबीच्या होड्या करायला घेतल्या. शीड, दोर, सुकाणू, सगळं जिथल्या तिथे. माझं अलिबागला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. हातानं केलेल्या वस्तूंचा लिलाव चालतो अशी एक साइट मी त्यांना दाखवली. मुदत संपेपर्यंत लोक मोबाइलवरून बोली लावतात, सगळ्यात वरच्या बोलीला वस्तू मिळते.

“म्हंजी बंदरच की रं,” काका म्हणाले. “फक्त चिखल न्हाय.”

पहिल्या लिलावाच्या संध्याकाळी काकांनी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, अंगणात मासळीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला आणि त्यावर चढून उभे राहिले. मी मोबाइल घेऊन पायरीवर. बोली आली की मी आकडा सांगायचा आणि काकांनी तो वाडीभर पुकारायचा.

“काका, त्यांना ऐकू जात नाही. ते पुण्याला आहेत.”

“त्याला न्हाय आयकाया जात. मालाला जातंय ना! न पुकारता इकला तर मालाचा अपमान हाय.”

आणि पुकारणं सगळं मासळीचं. “ताजी हाय, ताजी! डोळं बघा, कल्लं बघा!” माझी बायको पहिल्या खेपेला पातेलं घेऊन धावत आली. काका क्रेटवरूनच ओरडले, “सूनबाई, पातेलं मागं ने! लाकूड शिजायचं न्हाय!”

फोटोचाही हट्ट. होडी टेबलावर ठेवून फोटो काढू द्यायचे नाहीत. ओल्या वाळूत, तोंड पाण्याकडे, तेही भरतीच्या वेळी. “ओहोटीला काढलास तर गिऱ्हाइकाला वाटंल, हिला जायाचंच न्हाय.” पुण्याच्या एका बाईंनी बोलीच्या खाली नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं, तर काका खवळले. “मना ठेंगा दावते? काढ तिला रांगेतून!” तो ठेंगा नव्हे, ती पसंती आहे, हे पटवता पटवता लिलावाची मुदत संपली. होडी मिळाली त्याच बाईंना.

पण काकांची खरी तऱ्हा निराळीच. त्यांच्या बंदरावर एक रीत होती. जो शेवटपर्यंत बोली चढवत नेऊन हरला, त्याच्या पाटीत जिंकणाऱ्यानं दोन मासे टाकायचे. त्याला हरलेल्याचा वाटा म्हणत. “बंदरावरनं कुनी रित्या पाटीनं जायाचं न्हाय,” काका सांगत. आता ऑनलाइन जिंकणाऱ्याला हे कोण सांगणार? म्हणून वाटा काकाच देत. जिंकणाऱ्याला होडी, आणि दुसऱ्या नंबरच्याला करवंटीचा कोरलेला एक मासा, पोस्टानं, फुकट.

इथे माझी चूक सुरू होते.

दुसऱ्या की तिसऱ्या लिलावाला एकच बोली आली, तीही सुरुवातीच्याच किमतीची. काका क्रेटवर उभे, सदऱ्याला घडी, घसा ताणून पुकारतायत आणि समोर नुसती वाडी. “एक वार...” म्हणून थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला ते बघवेना. मी पायरीवर बसल्या बसल्या खोटं नाव, खोटा पत्ता टाकून खातं उघडलं आणि बोली चढवली. काकांचा आवाज असा काही उठला की पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकायला लागले.

मग ती सवयच झाली. प्रकाश देसाई यायचा, बोली चढवायचा आणि जिंकायच्या आत गप्प व्हायचा. होड्या घेणाऱ्यांनी माझ्यामुळे जास्त पैसे मोजले. त्यांना मी नंतर कळवलं, ज्यांनी फरक मागितला त्यांना तो पदरचा दिला. पण त्यानं माझं मन मोकळं झालं नाही, कारण खरी फसवणूक अंगणातच चालली होती. हरलेल्याचा वाटा पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे होतं आणि देसाईच्या नावाचे मासे माझ्या दुकानातल्या खणात साठत होते.

काकांना या देसाईचा लळा लागला. “बिचारा परत हरला,” म्हणत आणि त्याचा मासा कोरायला होडीइतका वेळ घेत. कधी बोंबील, कधी सुरमई. “परत परत तोच मासा दिला तर घरी बायको काय म्हनंल त्याची?” एकदा मी देसाईच्या नावानं खाली लिहिलं, ‘या वेळी राहिलं. पुन्हा येईन.’ का लिहिलं, सांगता येत नाही. खरं तर मलाही मजा यायला लागली होती. काकांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

त्यानंतर लिलावाच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “देसाई आलाय?”

मग एके दिवशी काकांनी एक होडी पुरी केली. त्यांच्या बापाच्या होडीची फळी त्यांनी इतकी वर्षं माळ्यावर जपली होती, तिची. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाले, “ही लिलावात न्हाय. ही देसाईची.”

“म्हणजे?”

“हरूनशान परत येतो त्याला कदी तरी जिंकू द्यावं. पोस्टानं न्हाय, मी सोता घेऊन जातो. उद्या सकाळची ठाण्याची गाडी. पत्ता लिवून दे.”

मी पत्ता लिहून दिला. तेव्हाही खरं सांगायचा धीर झाला नाही मला. रात्रभर तळमळलो आणि सकाळी खणातले सगळे मासे पिशवीत घालून स्टँडवर गेलो. काका बाकावर बसले होते. तोच सदरा. मांडीवर चादरीत गुंडाळलेली होडी, लेकरू धरावं तशी.

“तू पन येतोस?” त्यांचा चेहरा उजळला.

“काका, प्रकाश देसाई नावाचं कुणी नाहीच. तो मी होतो. बोली मीच लावायचो.” मी पिशवी त्यांच्यापुढे उघडली.

त्यांनी आत डोकावून बघितलं. मग, मला वाटलं नव्हतं, पण हसले. “खोटी बोली व्हय! अरं, बंदरावर असं लय बघितलंय. गिऱ्हाइकात आपलाच मानूस उभा करायचा. वंगाळच काम ते, आता परत करू नकोस.” मला हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं.

गाडी लागली. कंडक्टरनं “ठाणे, ठाणे” पुकारलं. काका सवयीनं अर्धे उठले आणि परत बसले.

“बोली चढवलीस ती चढवलीस,” ते हळूच म्हणाले. “पन ‘पुन्हा येईन’ कशाला लिवलंस, सुध्या? बंदर बंद झालं तवा एवढी मान्सं गेली. एकानंबी तसं म्हटलं नव्हतं.”

गाडी निघून गेली. घरून मी माफीची वाक्यं जुळवून आणली होती, किमतीबद्दल, फसवणुकीबद्दल. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही त्याची वाट बघत होता. मला दिसत होतं, आणि तरी मी बघू दिली. मला माफ करा.”