बारा फुकट गुलाब आणि लाख दूर्वा

फुकट मिळेल ते घ्यावं की घेऊ नये, याबद्दल माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही. तरी मी ते देणार आहे. (मतही फुकटच देतोय, तेव्हा तक्रारीला जागा नाही.) पण आधी गुलाबांची हकिगत ऐका, म्हणजे मत कुठून आलं ते कळेल.

मी सोलापुरातल्या एका गिरणीत कारकून आहे. नाव जोतीराम. गेल्या चैत्रात आमच्या हपिसात बातमी फुटली की हेडक्लार्क दिवाळीला नोकरी सोडून गावी जाणार. त्यांच्या खुर्चीला लायक असे दोघंच होते. एक मी आणि दुसरे माझ्या शेजारच्या टेबलावरचे आबासाहेब. आबासाहेबांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, आणि हिशेबात चुकायची त्यांना सवय नव्हती. एवढं सोडलं तर आम्ही अगदी बरोबरीचे होतो.

निवड मॅनेजरसाहेबांच्या हातात. साहेबांना नाद एकच, कोटाला ताजा गुलाब लावायचा. पण त्यांचा स्वभाव असा की बंगल्यावर माळी टिकत नसे, आणि माळी टिकत नसल्यामुळे गुलाब टिकत नसत. ज्या दिवशी कोट रिकामा त्या दिवशी हपिसात कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा अलिखित नियम होता.

अशात एका साप्ताहिकात मला ती जाहिरात दिसली. 'बारा जातिवंत गुलाबांची कलमे अगदी फुकट. पॅकिंग व टपालहशील तेवढे पडेल.' आमचे वडील आयुष्यभर एकच शास्त्र सांगत आले, फुकट ते पौष्टिक. मी लगेच कार्ड लिहायला बसलो. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: दिवाळीच्या तोंडावर मी रोज एक टपोरा गुलाब साहेबांच्या टेबलावर ठेवतोय आणि आबासाहेब आपल्या सुंदर अक्षराकडे बघत बसलेत.

आमच्या कुटुंबाला, म्हणजे वच्छलाला, मी ही गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती.

"फुकट दिऊन त्येला काय मिळतंय?" एवढंच तिनं विचारलं.

बायकांना व्यापारातलं काय कळतं, असं म्हणून मी कार्ड टाकून आलो. (हा प्रश्न मी पुढे स्वतःला फार वेळा विचारला.)

आमचं घर नवी पेठेच्या मागच्या बोळात. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं चार भिंतींचं परस. परसाला वेगळी वाट नाही. तिथं जायचं तर चुलीपुढूनच जावं लागतं. या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वच्छलानं दूर्वा वाढवल्या होत्या. शहरात आल्यावर शेजारणींचं बघून तिनं गणपतीला दूर्वांची लाखोली बोलली होती. लाखोली म्हणजे लाख दूर्वा वाहायच्या, रोज थोड्या थोड्या, मोजून आणि मधे खंड न पडता. रोज सकाळी ती परसात बसून दूर्वा खुडायची, जुड्या बांधायची आणि देवळात जायची. नवस कशासाठी ते विचारलं तर म्हणायची, नवस बोलून दाखवला की फळत नाही. मी आपला धरून चाललो होतो की पाटल्यांसाठी असणार, आणि म्हणून फारसं विचारतही नव्हतो.

पंधरवड्यानं गुलाबवाल्याचं पत्रक आलं. कलमं मागून येत आहेत, तोवर जमीन भरपूर लेंडीखत घालून तयार ठेवावी, असं त्यात छापलं होतं.

आता लेंडीखत म्हटल्यावर कुणी दुसरा असता तर पाटीभर विकत आणून टाकलं असतं. पण मी पडलो शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या बार्शीकडच्या रानात वडील दर उन्हाळ्यात मेंढरं बसवायचे. धनगर आपला कळप रात्रभर तुमच्या रानात बसवतो, त्याला ज्वारी द्यायची, आणि सकाळी रानाला आयतं खत. माणसानं कुठं हात लावायला नको. मी म्हटलं, जे वडिलांनी रानात केलं ते मी परसात करीन. रान मोठं आणि परस लहान, एवढाच काय तो फरक.

योगही असा जुळून आला की वच्छला भावाच्या मुलाच्या जावळाला बार्शीला निघाली. जाताना तिनं त्या दिवसांच्या दूर्वा खुडून, ओल्या फडक्यात बांधून शेजारच्या सावित्रम्माकडं दिल्या आणि देवाला वाहायला सांगितलं. मला एवढंच बजावलं की दूर्वांना पाणी घाला, दुसरं कायबी करू नका. यातलं पहिलं वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

आमच्या रानात मेंढरं बसवणारा सिद्धाप्पा त्या दिवसांत सोलापूरच्या वेशीबाहेरच मुक्कामाला होता. मी त्याला गाठून काम सांगितलं. तो बराच वेळ टाळू खाजवत राहिला.

"पीक कंचं घेताय?"

"गुलाबाचं."

"त्येची भाजी करत्यात?"

"भाजी नव्हे रे. साहेबाला द्यायचे."

"मग सायब खातो व्हय?"

मी त्याला कोटाला फूल लावायची पद्धत समजावून सांगितली. त्याला ती फारशी पटली नाही, पण ज्वारी पटली. मी म्हटलं, जागा लहान आहे, चार-पाच मेंढरं पुरेत. त्यावर तो म्हणाला, "मेंढरं अशी सुटी येत न्हाईत जोतीराव. एक आलं की त्येच्या मागनं समदी." मला वाटलं, जास्त ज्वारी काढायची ही युक्ती आहे.

ती युक्ती नव्हती. दिवेलागणीला सिद्धाप्पा पहिलं मेंढरू घेऊन दारात आला आणि त्याच्या शेपटाला तोंड लावून बोळ संपेपर्यंत मेंढरंच मेंढरं. ती पुढच्या खोलीतून, माझ्या अंथरुणावरून, चुलीपुढून परसात गेली. परस भरलं. मग स्वयंपाकघर भरलं. मग पुढची खोली भरली, आणि मी ओट्यावर येऊन बसलो. बोळातली पोरं, बायका, समोरचा शिंपी, सगळी गोळा झाली. सावित्रम्मानं गॅलरीतून विचारलं की आम्ही घर सोडून चाललो का. मी म्हटलं, नाही, गुलाब लावतोय. यावर तिनं आपली पोरं आत घेतली.

सकाळी सिद्धाप्पा कळप घेऊन गेला. (एक कोकरू पलंगाखाली राहिलं होतं. ते न्यायला तो पुन्हा आला.) मी परसात जाऊन बघतो तर खत होतं, अगदी पत्रकात लिहिल्याप्रमाणं भरपूर. बाकी काही नव्हतं. रात्रभर मेंढरं उपाशी बसतील अशी माझी समजूत का झाली होती, ते मला अजून सांगता येत नाही. रानात बसवताना तिथलं पीक आधी निघालेलं असतं, हे मी वडिलांकडून शिकायचं राहिलं होतं. दूर्वांची एक काडी शिल्लक नव्हती.

आणि तेवढ्यात टांगा वाजला. वच्छला कुर्डुवाडीवरनं सकाळच्या गाडीनं आली होती, आणि तिच्या मागोमाग दारात पोस्टमन उभा. माझे फुकटचे गुलाब व्ही.पी.नं, म्हणजे दारात पैसे मोजून सोडवायच्या टपालानं, आले होते. व्ही.पी. सोडवताना चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मला पहिल्यांदा नीट समजली. पुडकं उघडलं तर आत बारा काटक्या. बंबात घालायला आणतो तसल्याच, फक्त जरा काटे असलेल्या.

वच्छला चुलीपुढनं चालत, पदर नाकाला लावत परसापर्यंत गेली. मी काटक्या पाठीमागं धरून उभा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली आणि रडायलाच लागली.

मी म्हणालो, अगं, पाटल्या मी करीन तुला. आज ना उद्या करीन.

"पाटल्या कुणाला पायजे?" ती म्हणाली. "तुमच्यासाटी चाललं हुतं समदं. तुमाला ती मोठी खुर्ची मिळावी म्हनून."

या बाईनं दोन महिने उन्हात बसून माझ्यासाठी काडी काडी खुडली, आणि मी तिची लाखोली मेंढरांना चारली. मला माझी मनापासून लाज वाटली. त्या दिवशी मी सगळं घर स्वतः धुतलं, आणि पुढं आठवडाभर घरात मला ताटाबरोबर शब्द मिळाला नाही.

खंड पडला म्हणजे लाखोली पहिल्यापासून. पण पहिल्यापासून करायला दूर्वा तर पाहिजेत. मी परसाच्या एका कडेला बारा काटक्या रोवल्या आणि सगळ्यांना मिळून पाणी घालू लागलो. काटक्या होत्या तशाच राहिल्या. पण दूर्वा ही जात चिवट, मुळाशी जीव धरून बसलेली, आणि वर मेंढरांचं खत. आषाढ लागला तशी परसात अशी दाट हिरवी दूर्वा उठली की पाय ठेवायला जागा नाही. वच्छला हसली. माझ्याशी बोलायला लागली. नवी लाखोली सुरू झाली. मी आतल्या आत म्हटलं, काही म्हणा, मेंढरं बसवणं वाया गेलं नाही.

बोळातल्या बायका दूर्वा मागायला येऊ लागल्या. त्यात बजाबाई म्हणजे आमच्या आबासाहेबांच्या मंडळीही होत्या. त्यांनीही लाखोली धरली होती म्हणे, पण त्यांच्या दारात नुसता फरशीचा चौक. त्या दोघी जावा आणि सासू अशा तिघी टोपली घेऊन येत आणि खुडत बसत. मी वच्छलाला सहज विचारलं, त्यांचा नवस कशाचा? ती म्हणाली, नवस कुणी बोलून दाखवतं का. आणि देवाच्या कामाला आपण न्हाय म्हनू ने.

तिघींचे सहा हात आणि आमची एकटी वच्छला. हा हिशेब मला तेव्हाच यायला हवा होता. (पण हिशेबाचं मी वर सांगितलंच आहे.)

अकरा काटक्या वाळल्या. बाराव्या काटकीला मात्र दसऱ्यानंतर पालवी फुटून एक कळी आली. एकच, पण काय कळी. तांबडी, टपोरी. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं उकिडवा बसायचो. साहेब निवड सांगणार होते त्या सकाळी ती बरोबर उमलेल, असा माझा अंदाज होता, आणि जन्मात पहिल्यांदा माझा अंदाज बरोबर आला. मी आंघोळ केली, कोट चढवला, कात्री घेऊन परसात गेलो. देठ होता. फूल नव्हतं.

"बजाबाईंची लाखोली आज पुरी झाली," वच्छला आतून म्हणाली. "गनपतीला तांबडं फूल लागतंय की. त्या मागाय आल्या, मी दिलं. आपलं फूल देवाला गेलं, चांगलंच झालं."

मी कात्री परत कोनाड्यात ठेवली. मेंढरांनंतर बोलायचा हक्क मला राहिला नव्हता.

हपिसात पोचलो तर फूल माझ्या आधी तिथं पोचलं होतं. देवाला वाहिलेलं फूल प्रसाद म्हणून बजाबाईंकडं परत आलं, त्यांनी ते मोठ्या कामाला निघालेल्या नवऱ्याच्या खिशात घातलं, आणि आबासाहेबांनी ते खिशातून काढून साहेबांपुढं ठेवलं. साहेबांच्या कोटावर माझा गुलाब होता. त्यांचा चेहरा इतका खुललेला की दोघं-तिघं जण खोकूनसुद्धा घेत होते. साहेबांनी आबासाहेबांचा हात हातात घेतला आणि खुर्चीकडं बोट दाखवलं.

आबासाहेब माणूस प्रामाणिक. (हाही त्यांच्यातला एक दोष.) ते म्हणाले, साहेब, फूल माझं नव्हे, जोतीरामच्या परसातलं आहे. माझ्या जिवात जीव आला. साहेबांनी मला बोलावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, सोलापुरात असा गुलाब काढणारा माणूस मी आजवर बघितला नाही. पुढच्या रविवारपासून दर रविवारी बंगल्यावर यायचं आणि बाग बघायची. पगाराचं मी विचारणार तेवढ्यात आबासाहेबांनी हळूच सांगितलं की साहेबांनी ही सेवा मैत्रीखात्यात धरली आहे. म्हणजे बारा गुलाबांबरोबर तेरावा मीही फुकट गेलो.

संध्याकाळी घरी येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, वच्छला आता पुन्हा उंबऱ्यावर बसणार. पण तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजी पावतो की गनपती," ती म्हणाली. "बजाबाईंची लाखोली पुरी झाली, लगीच पावला. आता आपलीबी हुईल."

मी तिला सांगणार होतो की हेडक्लार्कची खुर्ची एकच असते आणि आबासाहेब अजून पंचवीस वर्षं ती सोडणार नाहीत. पण ती इतकी आनंदात होती की मला ते जमलं नाही. मी नुसतंच हूं म्हटलं आणि कोट काढून खुंटीला लावला.

ती भाकरी थापायला बसली. दोन भाकरी झाल्यावर तिनं विचारलं, "सायबाच्या बंगल्यावर लई मोठी हिरवळ हाय म्हनं?"

मी म्हटलं, आहे.

"मग रविवारी येताना तितल्या दूर्वा आना की टोपलीभर," ती म्हणाली. "तुमी तितं फुकटच तर चाललाय."